आधी डोंगर

थेल्माच्या जेवणाच्या टेबलावर नकाशा मावत नाही.
काश्मीर खुर्चीवर लोंबतंय,
केरळ मीठदाणीखाली दुमडून गेलेलं.
चेंबूर ते चेंबूर, सदतीस दिवस.
मधे एक वाळवंट, एक उघडीबोडकी थंड दरी,
आणि माझी चौदा वर्षांची वॅगनार,
जिनं आजवर पाहिलेला सगळ्यात मोठा चढ
खंडाळ्याचा.

थेल्मा सायन हॉस्पिटलात बत्तीस वर्षं सिस्टर होती.
तिची यादी गोळ्यांपासून सुरू होते:
उलटीची, जुलाबाची,
उंचीवर डोकं धरलं तर अर्धी, सकाळ-संध्याकाळ.
माझी यादी मेतकुटापासून.
कोकमं, दोन किलो भाजणी,
आणि स्टोव्हची पिन,
ती हरवली की संसार आटोपला.

वाळवंट म्हणतं, थंडीत या.
माळढोक बघायचा तर जैसलमेरकडच्या गवतात, पहाटे,
कानाला मफलर बांधून.
(नान्नजला मी नववीत पाहिला होता एक,
सरांच्या दुर्बिणीतून, रांग लावून.
माझी पाळी आली तेव्हा मान उंच करून उभा होता,
बस चुकलेल्या माणसासारखा.)
डोंगर म्हणतो, थंडीत दार बंद.
कुंझुमची खिंड ऑक्टोबरात कधी मिटेल
ते तिचं तिलाच माहीत.
तीन रविवार आम्ही दोघी मधे बसून,
मुहूर्तावरून अडलेल्या सोयरिकीसारखं
एकदा याची समजूत काढतो, एकदा त्याची.

शनिवारी गच्चीत तंबूची तालीम.
सिमेंटात खुंटी कुठे ठोकणार?
रंगाच्या रिकाम्या बादल्या, त्यांत रेती,
कड्यांना दोर.
सेक्रेटरी गुंडेचा वर आले. "परवानगी घेतलीत?"
थेल्मा म्हणाली, "आत या, चहा आहे."
आले. चपला बाहेर काढून,
देवळात शिरावं तसे वाकून.
कप संपेपर्यंत नियमांबद्दल बोलले,
मग कप खाली ठेवताना हळूच,
"बाडमेर लागतं का हो वाटेत?
सातवीनंतर गेलो नाही मी."

अकराला खत कारखान्याचा वास आला, रोजचा.
रिफायनरीची ज्वाळा तंबूच्या कापडावर
नारिंगी हलत राहिली.
"शेकोटीची सोय झाली," थेल्मा म्हणाली.

मग बराच वेळ काहीच नाही.
टाकीत पाणी चढत होतं.

"उलट गेलो तर?"
"म्हणजे कसं?"
"डोंगर आधी. गणपती पोचवले की निघायचं,
खिंड उघडी आहे तोवर वर.
गुडघे नवे असताना."
"तुझे गुडघे नवे?"
"परत येताना असतील त्यापेक्षा."

बॅटरी पेटवली. नकाशा मांडीवर.
मनालीहून वर चढवलेलं बोट
कुंझुमवरून पलीकडे नेलं, स्पितीत टेकवलं,
सतलजच्या कडेकडेनं खाली आणलं,
पंजाबच्या सपाटीवर जरा वेग दिला
आणि वाळूत सोडलं,
ऑक्टोबर सरताना, पहाटेपुरता गारवा असेल तेव्हा.
तीन रविवारांची भांडणं
दोन मिनिटांत मिटली
म्हणून मला थोडा रागच आला.
बाडमेरला पेन्सिलीनं गोल केला.
वाकडी वाट आहे, दीडशे किलोमीटर जास्त.
थेल्मानं पाहिलं, बोलली नाही.

सकाळी तंबू काही पिशवीत जाईना.
घडी घातली, सोडली, गुडघ्यांनी दाबली,
एक काठी सुटून टाकीवर आपटली.
कारखानदारानं हा तंबू
कुणाच्या हातांनी भरला कोण जाणे.
गुंडेचा फुलांना पाणी घालायला आले होते.
झारी ठेवली,
न विचारता
पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी ताणून धरलं
आणि म्हणाले, "आता घाला."